तीस दिवसांचे सैनिक

माझे बाबा माजी सैनिक नव्हते. अठरा वर्षं त्यांनी गणवेश घातला, दोन युद्धांच्या वेळी बोलावणं आलं तेव्हा पेटी उचलून गेले, बारा वर्षांच्या सेवेचं प्रादेशिक सेना पदक मिळवलं, तरी सरकारी व्याख्येत ते माजी सैनिक म्हणून बसत नाहीत. प्रादेशिक सेनेतल्या ज्यांना सेवेचं पेन्शन आहे, ज्यांना सेवेत अपंगत्व आलं किंवा ज्यांना शौर्यपदक मिळालं, तेवढेच त्या व्याख्येत येतात, आणि तेही 15 नोव्हेंबर 1986 पासून पुढे निवृत्त झालेले. बाबा 1976 साली त्या सेनेतून मोकळे झाले. आमच्या मलकापूरच्या घरात ‘प्रादेशिक सेना’ हा शब्द कधी कुणी उच्चारला नाही. आम्ही टीए म्हणायचो, टेरिटोरियल आर्मीचं ते घरगुती रूप. माय म्हणायची, “तुहे बाबा टीएले गेले,” जसं कुणी पंढरीला गेलं म्हणावं.

मी खामगावला सत्तावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सिंदखेडराजा, लखुजी जाधवराव, जिजाऊ, हे सगळं बुलढाणा जिल्ह्याचं वैभव पोरांना दरवर्षी सांगितलं. पण वर्षातला महिना सैनिक आणि अकरा महिने कामगार असलेल्या माणसांचा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता. तो आता लिहिते आहे.

आपल्या मुलखात अर्धवेळ सैनिक ही काही नवी गोष्ट नाही. मराठ्यांची फौज कितीतरी काळ शेताच्या हंगामावर चालली. पावसाळ्यात नांगर, दसऱ्याला सीमोल्लंघन, आणि आखाड जवळ आला की परत घर. शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं आणि स्वतःचं हत्यार घेऊन येणारा, तर बारगिराला दोन्ही सरकारातून मिळायचं. हा फरक मी पोरांना फळ्यावर लिहून द्यायची. त्या दोघांच्या मागे जो पसारा चालायचा, त्याकडे मात्र फार उशिरा लक्ष गेलं. नालबंद, लोहार, सुतार, पखालजी, मशालजी, परीट. बखरी त्यांना एका शब्दात उडवतात: बुणगे. लढाईच्या वर्णनात बुणगे आले की समजायचं, आता पळापळीची गोष्ट येणार. पण घोड्याच्या खुराला नाल नसेल तर शिलेदार कुठवर जाणार?

1724 मध्ये आपल्याच सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली आणि हैदराबादचं राज्य तिथून उभं राहिलं. तिथे मी मुलांची सहल नेली आहे. सेनापती कोण होता हे मुलांना पाठ होतं. एका मुलीने विचारलं, “बाई, एवढ्या घोड्यांना चारा कोण आणत होतं?” पाठ्यपुस्तकात उत्तर नव्हतं. जवळपास ऐंशी वर्षांनी, 1803 मध्ये, शेजारच्या जालना जिल्ह्यात असईला आणि मग अकोल्याकडच्या अडगावला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली लढला. त्याच्या फौजेचं धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवर चालायचं. त्याच्या पत्रव्यवहारात तांड्यांची चिंता पुन्हा पुन्हा येते, कारण बैल थांबले की तोफाही थांबायच्या. आज लोणार, मेहकर, सिंदखेडराजा या तालुक्यांत जे तांडे वसले आहेत, त्यांच्या पूर्वजांचा हा धंदा. त्यांना बैलाच्या पाठीवर गोणी लादायला कुण्या फौजेने शिकवलं नाही. ते शिकून आलेले होते आणि फौजेने ते वापरून घेतलं.

मला या निबंधात जे सांगायचं आहे ते हेच. लढणाऱ्याला सैन्य घडवतं. पण त्याच्या मागचे हात सैन्याला बहुतेक वेळा घडलेलेच मिळतात. ते गावातल्या भट्टीवर, नदीच्या घाटावर, रेल्वेच्या शेडमध्ये घडतात, आणि त्या शिक्षणाचा खर्च सैन्याच्या हिशेबात कधीच दिसत नाही.

1860 नंतरच्या चार-सहा वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळहून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत पुढे सरकली आणि 1867 मध्ये नागपूरला पोचली. खामगावच्या कापसासाठी जलंबहून फाटा काढला, तो 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. बैलांचे तांडे त्या दशकात बसले. आणि रेल्वेबरोबर एक नवी अर्धवेळ पलटणही आली: रेल्वेचे व्हॉलंटिअर. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन यांनी सुटीच्या दिवशी कवायत करायची, बंदूक चालवायची, आणि गडबड झाली तर स्टेशन आणि लाइन सांभाळायची. हे सगळे गोरे किंवा अँग्लो-इंडियन. खलाशी, गँगमन, पॉइंट्समन आपले, पण त्यांच्या हातात बंदूक द्यायची नाही. काँग्रेसने अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून मागणी केली की हिंदी माणसालाही व्हॉलंटिअर होऊ द्या. ती कित्येक वर्षं कुणी ऐकली नाही. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, इंडियन डिफेन्स फोर्स निघाला आणि त्यात हिंदी लोकांसाठी वेगळा विभाग झाला, तेव्हा लोकमान्यांनी तरुणांना भरती व्हायला सांगितलं. 1920 मध्ये दोन कायदे झाले. एक गोऱ्यांच्या ऑक्झिलिअरी फोर्सचा, दुसरा हिंदी लोकांच्या टेरिटोरियल फोर्सचा. रेल्वेच्या पलटणी पहिल्या कायद्याखाली राहिल्या. इंजिनाच्या पोटात शिरून काम करणाऱ्या माणसाला त्याच इंजिनाच्या रक्षणाची जबाबदारी मिळायला स्वातंत्र्य यावं लागलं.

1948 मध्ये टेरिटोरियल आर्मीचा कायदा झाला आणि 9 ऑक्टोबर 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी या सेनेचं उद्घाटन केलं. तिची अट मला फार आवडते: येणाऱ्याला पोटापाण्याचा स्वतःचा उद्योग असला पाहिजे. सैन्य हा त्याचा मुख्य धंदा नाही. शहरातल्या तुकड्यांची कवायत रविवारी आणि सुटीला व्हायची, आणि चार तास केले की एक दिवस मांडला जायचा. खेड्यातल्यांसाठी सलग शिबिर. तिसरा प्रकार खात्यांचा: रेल्वे, पुढे तेल, टपाल-तार, दवाखाने. यात माणूस आपलंच काम घेऊन सैन्यात जातो. फिटर फिटरच राहतो, फक्त त्याच्या खांद्यावर रायफल येते. पहिल्या वर्षी तीस दिवसांचं रिक्रूट प्रशिक्षण, पुढे दरवर्षी तीस दिवसांचं शिबिर.

बाबा 1958 साली अशा रेल्वे तुकडीत गेले. तिचं ठाणं झाशीला होतं, 970 रेल्वे इंजिनिअर रेजिमेंट. झाशी तेव्हा मध्य रेल्वेतच होती. मलकापूरहून पॅसेंजरने भुसावळ, तिथून पंजाब मेल, खंडवा, इटारसी, भोपाळ, झाशी. हा रस्ता मला न जाता पाठ होता.

पण त्यांचं प्रशिक्षण झाशीला सुरू झालं नाही. ते सुरू झालं मलकापूर तालुक्यातल्या एका गावात, आजोबांच्या भात्यावर. आम्ही लोहार. आजोबा वखराच्या पाशी, नांगराचे फाळ, विळे करायचे. बाबा आठ वर्षांचे असल्यापासून भाता ओढायचे. लोखंड किती तापलं हे रंगावरून ओळखायचं, छिन्नीला पाणी कधी द्यायचं, किती द्यायचं. जास्त दिलं तर धार तुटते, कमी दिलं तर वळते. हे त्यांना अंगणातच आलं. दुष्काळी वर्षात बलुत्याचं धान्य आटलं, तेव्हा विसाव्या वर्षी ते भुसावळच्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी म्हणून लागले. खलाशी म्हणजे सगळ्यात खालची पायरी: राख ओढा, चिंध्यांनी इंजिन पुसा, मिस्त्रीचे पाने उचला. बॉयलर धुवायचा दिवस आला की आत शिरून खपली काढायची. शेडमध्ये फळा नव्हता. मिस्त्री बोलायचाही कमी. तो बोल्ट आवळायचा आणि यांनी त्याच्या मनगटाकडे बघायचं. सहा वर्षांनी बाबांच्या हातात स्वतःचा पाना आला, फिटर म्हणून.

त्याच वर्षी टीएचं बोलावणं शेडच्या बोर्डावर लागलं. बाबांनी नाव का दिलं, हे मी त्यांना मोठेपणी विचारलं. त्यांनी दोन कारणं सांगितली. एक, गणवेशाचे बूट चांगले असतात. दुसरं सांगताना ते थोडे थांबले. शेडमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने गोऱ्या व्हॉलंटिअरांची कवायत कुंपणाच्या बाहेरून बघितलेली होती. तो म्हणाला होता, “आता कुंपणाच्या आत जाता येते तं जा.”

झाशीच्या शिबिराचं वर्णन ते तुकड्या-तुकड्यांनी करायचे. पहाटे पीटी, मग कवायत, मग थ्री-नॉट-थ्री रायफल उघडून पुसून जोडायची. हे काम कारकुनांना जड जायचं. फिटरांना नाही. उस्तादाने दाखवलं आणि पहिल्याच खेपेला बाबांनी बोल्ट बसवून दिला, कारण लोखंड कुठे अडतं हे बोटांना माहीत होतं. कवायत मात्र त्यांच्या जिवावर यायची. वाकून काम करणाऱ्याची पाठ सरळ होत नाही. उस्ताद ओरडायचा, “सीना बाहर!” आणि बाबांचे खांदे पुन्हा पुढे यायचे. दुपारनंतर स्वतःच्या कामाचं सैनिकी रूप शिकायचं. घसरलेला डबा जॅक लावून रुळावर कसा घ्यायचा, स्लीपरच्या उभ्या-आडव्या चौकटी रचून पुलाखाली आधार कसा द्यायचा, दिवा न लावता इंजिन कसं तपासायचं. बाबा सांगायचे, अंधारात बेअरिंग तापलंय का हे तळहात लावून कळतं आणि तेल संपत आलंय का हे वासावरून. हे शेडमध्ये सगळ्यांनाच येत होतं. झाशीने फक्त सांगितलं की हेच युद्ध आहे.

ट्रेड टेस्टची गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन. लोखंडाच्या पाट्यात चौकोनी भोक करायचं आणि दुसऱ्या तुकड्याला कानशीने घासून त्यात बसवायचं. चारही बाजूंनी फिरवून बसला पाहिजे आणि उजेडासमोर धरला तर फटीतून किरण दिसता कामा नये. बाबांचा तुकडा बसला. तपासणाऱ्या सुभेदाराने तो काढून पुन्हा बसवला, मग विचारलं, कुठे शिकलात? बाबांनी आजोबांचं नाव सांगितलं. कागदावर त्या प्रश्नाच्या रकान्यात काय लिहिलं गेलं कोण जाणे. माझ्या मते आजोबांचंच नाव लिहायला हवं होतं.

शिबिरात एक गोष्ट उलटी व्हायची, तिचं त्यांना फार अप्रूप होतं. शेडमधला साहेब तिकडे कॅप्टन असायचा, पण तोही मातीत झोपायचा आणि त्याच रांगेत थाळी घेऊन उभा राहायचा. महिना संपला की भुसावळला पुन्हा तो साहेब आणि हे फिटर. तरी पुढचे काही दिवस साहेब नावाने हाक मारायचा.

माय दरवर्षी म्हणायची, “काहून जाता दरसाली? वावरात कोणी नाही, पोरं लहान.” बाबा उत्तर द्यायचे नाहीत, बूट घासत बसायचे. महिनाभर माय एकटी सगळं ओढायची: आजोबांचं आजारपण, दोन एकर कापूस, आम्ही चार भावंडं. अर्धवेळ सैनिकाच्या मागे घरात एक पूर्णवेळ माणूस लागतं, आणि त्याला पदक नसतं.

1965 साली बाबा युद्धाच्या बोलावण्यावर गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. 1971 ला गेले तेव्हा बारा. दोन्ही वेळी कुठे होतो ते त्यांनी सांगितलं नाही. आल्यावर एवढंच म्हणाले की गाड्या चालल्या.

पण मला ज्या वर्षाबद्दल लिहायचं आहे, ते युद्धाचं वर्ष नाही. 8 मे 1974 ला देशभरातल्या रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला. जॉर्ज फर्नांडिस नेते होते. मागण्या बोनसच्या, आठ तासांच्या कामाच्या, पगाराच्या समानतेच्या. बाबा युनियनचे सभासद होते, वर्गणी भरणारे, सभेला जाणारे. मागण्या त्यांना पटत होत्या. इंजिनावर चौदा-चौदा तास राहिलेल्यांची तोंडं ते रोज बघत होते. आणि त्याच वेळी रेल्वेच्या टीए तुकड्यांना गाड्या चालू ठेवायला बोलावणं आलं. बोलावलेला टीएचा माणूस आर्मी ॲक्टखाली येतो. तो गेला नाही, तर त्याला संप म्हणत नाहीत.

ती रात्र मला आठवते. कंदील नव्हता, आमच्याकडे वीज आली होती, पण बाबांनी दिवा लावू दिला नाही. ओट्यावर त्यांचे शेडमधले जिवलग बसले होते, ज्यांना आम्ही काका म्हणायचो. खूप वेळ कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले, “तू जा. तुही सही हाय तिथं.” एवढंच. सकाळी बाबा गणवेश घालून गेले आणि काका संपात राहिले. काही दिवसांनी काकांना अटक झाली, नोकरी गेली. संप वीस दिवसांनी मागे घेतला गेला. बाबा परत आले तेव्हा शेजाऱ्यांनी तोंड फिरवलं. नळावर मायला कुणी जागा देईना. काका सुटून आले ते पहिल्यांदा आमच्या घरी आले आणि सगळ्या गल्लीदेखत ओट्यावर बसून चहा प्यायले. त्यानंतर नळावर जागा मिळू लागली.

1977 मध्ये सरकार बदललं, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेल्यांना परत घेतलं गेलं. काकाही परतले. त्याच्या एक वर्ष आधी बाबांनी टीए सोडली होती. मुदत संपली होती, पुढे वाढवता आली असती, त्यांनी वाढवली नाही. मी कारण विचारलं नाही. माझं मत विचाराल तर सांगते: युद्धासाठी शिकवलेले हात घरच्या भांडणात वापरायला नको होते. तीस-तीस दिवस जोडून बाबांनी जी ओढ कमावली होती, ती त्या वीस दिवसांत खर्च झाली.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. वाफेची इंजिनं गेली. आजोबांच्या अंगणातली शाळा आयटीआयमध्ये गेली. कारागीर प्रशिक्षणाची ती योजना 1950 ची, आणि आज खामगाव-बुलढाण्याचा मुलगा फिटरचं प्रमाणपत्र घेऊन रेल्वेत जातो. रेल्वेच्या टीए तुकड्या उरल्या होत्या सहा: जमालपूर, झाशी, कोटा, आद्रा, चंदीगड, सिकंदराबाद. 2025 मध्ये रेल्वे बोर्डाने त्यातल्या पाच विसर्जित करायचं ठरवलं. जमालपूरची ठेवली, ईशान्येकडच्या अरुंद पट्ट्यातल्या लाइनसाठी. झाशीचा रस्ता बंद झाला. त्याच वर्षी मे महिन्यात पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा टेरिटोरियल आर्मीच्या 32 पायदळ बटालियनपैकी 14 बोलावायची मुभा सरकारने लष्करप्रमुखांना दिली. म्हणजे गरज संपलेली नाही.

माझा एक विद्यार्थी, नांदुरा तालुक्यातल्या परीट घरातला, मध्यंतरी भेटायला आला. टीएच्या भरतीला गेला होता, धोब्याच्या ट्रेडसाठी. पायदळ तुकड्यांनाही स्वयंपाकी, न्हावी, धोबी, कारकून लागतात आणि त्यांची वेगळी भरती होते. आधी सगळ्यांसारखं पळणं, बीमवर ओढणं, नऊ फुटांचा खड्डा. मग ट्रेडची परीक्षा. त्याच्यापुढे गणवेश टाकला, धुवा, इस्त्री करा. तो म्हणाला, “बाई, पळण्याची तयारी मी दीड वर्षं केली. इस्त्रीची नाही केली. ती तर माय-बापानंच शिकवली होती.” पळण्यासाठी त्याने अकॅडमीला पैसे भरले होते. माय-बापाच्या शिकवणीची फी कुणी विचारली नव्हती. साखरखेर्ड्याच्या मैदानावरच्या नालबंदापासून या पोरापर्यंत ही रीत बदललेली नाही.

त्याच्याबरोबर त्याची धाकटी बहीण आली होती. तिने विचारलं, मुलींना टीएत घेतात का? मी सांगितलं, 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने घेतलं पाहिजे असा निकाल दिला आहे. लहानपणी भुसावळच्या फलाटावर बाबांची पेटी उचलून देताना मला हा प्रश्न सुचलाही नव्हता. ती मुलगी आयटीआयला वायरमन करते आहे.

बाबा 1998 साली गेले. त्यांचं सेवापुस्तक, पदक आणि तो कानशीने घासलेला चौकोनी तुकडा माझ्याकडे आहे. तुकडा त्यांनी झाशीहून मागून आणला होता. जिल्ह्यात माजी सैनिकांची नोंद ठेवणारं कार्यालय आहे, शहिदांची स्मारकं आहेत, ती असलीच पाहिजेत. पण मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या लाइनवरच्या घरांतून झाशीला जाऊन आलेल्या माणसांची यादी मी कुठे पाहिलेली नाही. त्यांच्यातले बाबांच्या पिढीचे बहुतेक आता नाहीत, आणि जे आहेत ते ऐंशीच्या पुढचे.

तुमच्या घरी अशी पेटी असेल तर ती भंगारात देऊ नका. आत सेवापुस्तक असेल, एखादा फोटो असेल, ट्रेड टेस्टचा कागद असेल. त्यावरचं नाव, गाव, ट्रेड आणि वर्षं एका वहीत उतरवून घ्या, आणि काम कुणाकडून शिकले ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून त्याच ओळीत लिहा. गावच्या वाचनालयात त्या वहीची एक प्रत ठेवा. मलकापूरची वही मी सुरू केली आहे; तिच्यात आजवर नऊ नावं झाली आहेत.